पट्टी बांधून कळतं का?

अमेरिकेत पॅट्रिशिया मूर नावाची एक तरुण डिझायनर होती. सांधे धरलेल्या बाईला फ्रिजचं दार उघडता येईल का, असं तिनं आपल्या ऑफिसात विचारलं. असल्या गिऱ्हाइकांसाठी आपलं काम नसतं, असं उत्तर आलं. मग 1979 ते 1982 अशी तीन वर्षं ती अधूनमधून म्हातारीचा वेश घेऊन शंभरावर शहरांत हिंडली. धूसर चष्मा, कानात बोळे, जखडलेले सांधे. एकदा तर पोरांच्या टोळक्यानं तिला मारलं.

आता डिझाइनच्या वर्गांत याचा लहानसा खेळ करतात. बोटांना चिकटपट्टी लावून बरणीचं झाकण उघडायचं, अंधूक चष्म्यातून औषधाची चिठ्ठी वाचायची. माझी भाची हेच शिकते. तिचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अन् मंग पट्टी काढूनच टाकतात नं?"

मला वाटतं, मर्म तिथंच आहे. डोळे बांधून घडीभर चाचपडलेल्या डोळस लोकांना अंध माणसं उलट जास्तच असमर्थ वाटू लागतात, असं कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधनात दिसलं. साहजिक आहे. त्यांना अंधाराचा पहिला तास कळला, वर्षानुवर्षं कमावलेली सवय नाही कळली. असल्या खेळातून कीव येते. आपण बायका कीव आणि काळजी यांतला फरक चांगला ओळखतो.

म्हणून खेळ वाईट, असं नाही. खेळ मनाला वळण लावतोच. आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. दगड भिरकावताना समोरचं डोकं कुणाचं, हे कोण बघतो? वळण कुठलं लागेल, ते नियमांवर असतं.

भाचीचा दुसरा खेळ मला जास्त पटला. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, खरी गरज चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवायची. दुसरीनं नुसतं विचारत जायचं. नेमकं विचारल्याशिवाय चिठ्ठी उघडायची नाही. तिनं आमच्या तिगावच्या स्वयंपाकघरावर तो खेळून पाहिला. आधी ओटा काढला, छान होता. मी गप्प. मग तिनं विचारलं, "मावशी, सकाळी पहिलं काम काय करता?"

पाणी गाळतो. गाळण्यात राहिलेले जीव लहान बादलीनं अलगद विहिरीत परत सोडतो. ती बादली टांगायला खुंटी हवी, गाळणं वाळवायला जागा हवी. जेवणं सूर्यास्ताआधी उरकायची, म्हणून ट्यूबलाइटपेक्षा पश्चिमेची खिडकी महत्त्वाची. आणि सासूबाई विळीवर बसून भाजी चिरतात. त्यांना ओटा नकोच, उजेडातली जमीन हवी. बोटांना दहा पट्ट्या बांधल्या तरी यातलं एक कळलं नसतं.

"पण मावशी, गुण चित्राला मिळतात, प्रश्नांना नाही," भाची म्हणाली. तिच्या परीक्षकांनी एकदा विळीवर बसून पाहावं. नाही जमलं तर सासूबाईंना विचारावं.