अनुमतीची अमानत

दुकान असो, बँक असो वा दवाखाना, नाव नोंदवताना मोबाइल क्रमांक मागितला जातो. त्यावर ओटीपी येतो, तो सांगितला की ओळख पटते. या संदेशासाठी व्यावसायिकाने ग्राहकाची संमती घ्यावी काय? कोणी म्हणेल, संदेश ग्राहकाच्याच संरक्षणासाठी आहे. त्यात विचारायचे ते काय?

सूरह अन-नूरमध्ये (२४:२७-२८) अल्लाहने शिकवले आहे की, परक्याच्या घरात अनुमती घेतल्याविना व सलाम केल्याविना प्रवेश करू नये. परत जा म्हटले तर परतावे. भेटवस्तू घेऊन आलेला पाहुणाही या नियमातून सुटत नाही. हेतू चांगला असला, तरी दार उघडण्याचा अधिकार घरच्यांचाच असतो. आज मोबाइल हे घराचेच एक दार झाले आहे.

सूरह अन-निसाने (४:२९) व्यापाराला परस्पर राजीखुशीची अट घातली आहे. आपण कशाला राजी होत आहोत हेच ठाऊक नसेल, तर ती राजीखुशी कसली? फॉर्मवर आधीच खूण करून ठेवलेली चौकट ग्राहकाने खोडली नाही, म्हणजे त्याने होकार दिला असे होत नाही. गप्प राहणाऱ्याच्या तोंडी शब्द घालू नयेत, हे फिक्हचे सर्वमान्य तत्त्व आहे. निकाहाच्या वेळी कुमारिकेचे मौन संमती मानले जाते खरे. परंतु ते तिला विचारल्यानंतरचे मौन असते.

ओटीपीसाठी घेतलेला क्रमांक ही अमानत आहे. त्यावर जाहिराती पाठवणे अथवा तो इतरांना देणे ही खियानत होय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती स्वेच्छेची, विशिष्ट हेतूची आणि माहितीपूर्वक असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे सांगतो. मात्र कायदा तक्रार आल्यावर जागा होतो. श्रद्धावंताला तर कोणी तक्रार न करताही अल्लाहपुढे उत्तर द्यायचे आहे.

म्हणून आपल्या व्यापारी बांधवांनी क्रमांक घेताना तो कशासाठी हवा ते ग्राहकाच्या भाषेत सांगावे, होकार ऐकावा आणि नकाराचाही मान राखावा. घरातील तरुणांनीही दादी-नानीच्या मोबाइलवर 'मान्य आहे' हे बटण परस्पर दाबू नये. वाचून दाखवावे, समजावावे, मग विचारावे. वडीलधाऱ्यांना वाचता येत नसले, तरी होकार-नकाराचा हक्क त्यांचाच आहे.

अल्लाह आपणा सर्वांना लहानमोठ्या प्रत्येक अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.