प्रसादाचे माप



देवळात तीर्थप्रसाद घेताना आपण उजव्या हाताचा तळवा पुढे करतो. त्यावर मावेल तेवढाच प्रसाद मिळतो, आणि तेवढ्याने मन तृप्त होते. गाभाऱ्यासमोर ताट घेऊन कोणी उभा राहिल्याचे ऐकिवात नाही. परंतु तोच मनुष्य पंगतीस बसला, की हे माप विसरतो. आणि वाढणारा यजमान तर ते मुद्दाम विसरावयास लावतो. या मापाविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी कोणी व्युत्पन्न शास्त्री नव्हे. पुरोहिताच्या घरी जन्मलो, हायस्कुलापर्यंत शिकलो, आणि पूजेचे साहित्य घेऊन तीर्थरूपांच्या मागून घरोघर फिरलो, एवढीच माझी शिदोरी. दोन वर्षांपूर्वीच्या चवथीस वडिलांकडे अनेक घरच्या पूजा होत्या. प्रत्येक घरी नेवऱ्या, मोदक, पातोळ्या आणि वर तुपाची धार. “भटजी, नाही म्हणू नका, देवाचा प्रसाद आहे!” असा आग्रह. नाकारावे तर यजमानाचा अपमान. दुसऱ्या रात्री त्यांच्या छातीवर दडपण आले, डावा हात दुखू लागला, अंगाला दरदरून घाम सुटला. आम्ही अजीर्ण समजून ओवा दिला आणि उजाडण्याची वाट पाहिली. ही चूक सर्वस्वी आमची. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या कौशल्याने ते वाचले. पण त्या रात्री वाया गेलेले तास माझ्या मनातून अद्याप जात नाहीत.

डॉक्टरांनी आहाराविषयी विचारले, तेव्हा मी अभिमानाने म्हणालो, “आमचे घर पूर्ण शिवराक. मासळीचा स्पर्शही नाही.” ते शांतपणे म्हणाले, “हृदयाला तुमचे सोवळे ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे तूप, साखर, मीठ आणि तळण.” त्या एका वाक्याने माझा अभिमान गळाला.

हृद्रोग एका दिवसात होत नाही. रक्तात कोलेस्टेरॉल वाढले, की हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या आतील बाजूस त्याचे थर वर्षानुवर्षे साचत जातात. एके दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. अति मिठाने रक्तदाब वाढतो; साखर, मैदा आणि बैठे जीवन यांनी मधुमेहास आमंत्रण मिळते; तंबाखू या सर्वांस हातभार लावते. 2004 साली 52 देशांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका अशा नऊ कारणांतच सामावतो, आणि त्यांतील बहुतेक कारणे मनुष्याच्या हाती आहेत. त्याच अभ्यासावरून 2007 साली असेही कळले, की आपल्या दक्षिण आशियातील लोकांस हा झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे 59 व्या वर्षी. म्हणजे कर्त्या पुरुषावर घर उभे असते, त्याच वयात घाला पडतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. फार खारट, फार तिखट, फार दाहक अन्न राजस होय आणि ते रोगास कारण होते, असा तेथील आशय आहे. सहाव्या अध्यायात भगवंत अतिभोजन आणि अति उपवास या दोहोंचाही निषेध करतात. आपण मात्र एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा, बटाटे, शेंगदाणे तुपात परतून पोटभर खाल्ले, तर तो उपवास कसला?

आपल्या परंपरेतच उत्तर आहे. चवथीची माटोळी पाहा. गणरायाच्या मस्तकावर आपण काय बांधतो? केळी, तवशी, चिबूड, तोरिंगे, दोडकी. त्यांत काही केवळ शोभेची रानफळे असतात, हे खरे. पण बाकीची आपल्या पानात का उतरू नयेत? जागतिक आरोग्य संघटना दररोज निदान 400 ग्रॅम फळे व भाज्या खावयास सांगते. पानातील मिठाची जागा पाहा. ते चिमूटभरच वाढतात. देवाच्या नैवेद्याला तर तेही नाही. त्याच संघटनेने मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमांहून कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, अशी घातली आहे. पेजेबरोबरचे लोणचे आणि खारे यांतील मीठही त्यातच मोजावयाचे.

आपले खतखते, कुळथाचे सार, अळसांद्यांची भाजी ही हृदयाची मित्रमंडळी होत. त्यांतील तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतात. जे मासळी खातात, त्यांनी ती हुमणात खावी, रोज तळून नव्हे. खोबरे सोडा असे मी म्हणत नाही. परंतु खोबरेल तेलाने कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून हात आखडता असावा.

हे जमेल का, असे कोणी विचारील. डिचोलीकरांनी तरी विचारू नये! शिरगावच्या श्रीलईराई देवीच्या जत्रेपूर्वी आपलेच धोंड जिभेवर ताबा ठेवून व्रत पाळतात. जो निग्रह काही दिवस साधतो, त्याचा लहानसा अंश वर्षभर साधणार नाही काय?

चालू औषधे मात्र कोणी सोडू नयेत, आणि मधुमेह्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये. छातीत दडपण आले, तर ओव्याची वाट न पाहता तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि यजमानांस हात जोडून एक विनंती. येत्या चवथीस आपल्या दारी भटजी येतील, वृद्ध आप्त येतील. त्यांच्या हातावर एक मोदक ठेवा, आणि दुसऱ्याचा आग्रह करू नका. माझे वडील आता तळहाताएवढाच प्रसाद घेतात. त्यात देवाचे काही उणे झालेले नाही. आमचे घर मात्र भरलेले राहिले आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.