शिफारस करणाऱ्याचे नाव

परवा कपाट आवरताना मंडळाची सभासदवही हाती लागली. आमचं अभ्यासमंडळ महिन्यातून एकदा जमतं, कुणीतरी पुस्तकावर बोलतं, चहा होतो; आणि जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या दोन शाळांत आम्ही वह्या-दप्तरं देतो. नवे सभासद पारखून घ्यायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. वहीत ४१ नावं. सहज आडनावं वाचत गेलो आणि थबकलो. यातल्या बहुतेक घरांत मी लग्नाचं जेवण जेवलेलो आहे.

अर्जातला ‘शिफारस करणाऱ्या सभासदाचे नाव’ हा रकाना माझीच कल्पना. “समविचारी माणसं हवीत, उगाच खोगीरभरती नको,” हेही मीच म्हणत आलो. समविचारी म्हणजे नेमकं कोण, ते कधी ठरवलं नाही. ज्याच्यासमोर मला तोंड सांभाळून बोलावं लागत नाही तो, एवढाच माझा हिशेब होता.

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक बाई तीन बैठकांना आल्या होत्या. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, “वह्या देता ते बरंच आहे हो. पण त्यासाठी पोरांना तासभर पटांगणात कशाला बसवता? फोटोसाठीच ना?” फोटोसाठीच होतं. चौथ्या बैठकीचा निरोप त्यांना गेला नाही. कुणी विचारलं तेव्हा मी ‘राहून गेलं’ म्हणालो. राहून गेलं नव्हतं.

मंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांवर मीच बोललो होतो. १९०५ साली पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला. १९१५ मध्ये ते गेल्यावर गांधीजींनी सभासद होण्याची इच्छा दाखवली, सभासदांत दुमत झालं आणि कुणाची अडचण नको म्हणून गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. गांधीजींचा मोठेपणा म्हणून मी हे रंगवून सांगितलं, टाळ्याही मिळाल्या. विरोध करणाऱ्यांकडे त्या दिवशी माझं लक्षच गेलं नाही. त्यांनी निदान आपला मतभेद उघडपणे मांडला, त्यावर चर्चा केली. मला एका बाईंना ‘तुमचं बोलणं झोंबलं’ एवढंही तोंडावर सांगता आलं नाही.

त्याच्याही कितीतरी आधी मुंबईत ‘परमहंस मंडळी’ नावाची सभा होती. तिथे नव्या माणसाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातीचा धाक सोडायची तयारी आहे का, हे पाहायला. सगळं गुपचूप चाले, ते वेगळं. पण त्यांची कसोटी येणाऱ्याला अवघड जावी अशी होती, आणि माझी मला सोपी जावी अशी.

वर्धापनदिनाच्या जेवणाला पोळ्या मात्र दर वर्षी त्याच बाईंकडून येतात. फोन मीच करतो. त्या आकडा विचारतात, मी सांगतो, दोघंही दुसरं काही बोलत नाही. यंदाची ऑर्डर गुरुवारपर्यंत द्यायची आहे. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर काढून ठेवलाय. आज सोमवार.