साक्ष आणि शोक : सत्पुरुषाच्या चरित्रातील एक नैतिक प्रश्न

एखाद्याचे बोललेले आयुष्य दुसरा लिहून घेतो, तेव्हा एकाच वाक्यात दोघांचा वावर सुरू होतो : निवेदकाचा आणि नोंदकर्त्याचा. निवेदक सत्पुरुष असेल आणि त्याचा समाज विध्वंसातून गेलेला असेल, तर या सहवासाला नैतिक परिमाण प्राप्त होते. जे हरपले त्याचा शोक कोणी करावयाचा, आणि ते कायमचे संपले असा निवाडा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मग निव्वळ शैलीचा राहत नाही.

या प्रश्नाचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील सू जमातींपैकी लकोटांचे आहे. ब्लॅक एल्क या लकोटा सत्पुरुषाने १९३१ मध्ये कवी जॉन नाइहार्ट यांना आपले आयुष्य सांगितले. मुलगा बेन याने इंग्रजीत उलथा केला, नाइहार्ट यांच्या मुलीने लघुलिपीत टिपून घेतले आणि १९३२ मध्ये पुस्तक निघाले. नवव्या वर्षी झालेले दर्शन, पवित्र वर्तुळ, त्याच्या मध्यावरचा फुलणारा वृक्ष आणि १८९० चे वूंडेड नीचे हत्याकांड या क्रमाने जाणारी ही कथा वर्तुळ मोडल्याच्या आणि वृक्ष मेल्याच्या विलापाशी थांबते. मात्र रेमंड डीमॅली यांनी १९८४ मध्ये मूळ टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा हा गाजलेला शेवट त्या टिपणांत नसल्याचे दिसून आले. तो नाइहार्ट यांचा होता. १९०४ मध्ये ब्लॅक एल्क कॅथलिक झाला आणि पुढे त्याने धर्मशिक्षक म्हणून दीर्घकाळ काम केले, हा भागही पुस्तकात जवळजवळ आलेला नाही. एका समाजाचा अंत सांगण्यासाठी एका माणसाचे उत्तरायुष्य वगळावे लागले. प्रत्यक्षात तो १९५० पर्यंत जगला आणि लकोटांचे विधी पुढेही सांगत राहिला.

मराठी परंपरेत या प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडते, आणि त्याचा एक धागा बुलढाणा जिल्ह्यातून जातो. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात लोणार येते. तेथील आठवणी लीळाचरित्रात आहेत. स्वामींच्या प्रयाणानंतर, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने ऋद्धिपुरास हे चरित्र सिद्ध केले. ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्याकडून मिळवावयाचे आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावयाचे, ही त्याची रीत. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. ती एकच एक होऊन आली नाही; हिराइसेचा पाठ निराळा, इतरांचे निराळे. जेथे स्मरणे जुळत नाहीत, तेथे भिन्न आठवण ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवली जाते. संहितेला पडलेली भेग बुजवण्याऐवजी ती कोणाच्या स्मरणापाशी पडली, हे सांगितले जाते.

या दोन रीतींतील फरक भावनेचा नाही. महानुभावांचा शोक लकोटांपेक्षा उणा नव्हता. स्वामी गेले होते आणि पोथीही गेली होती. फरक आहे तो अधिकाराच्या जाणिवेचा. ‘मला असे आठवते’ ही साक्ष होय. ‘आता काही उरले नाही’ हा निवाडा होय. साक्षीला दुसरी साक्ष छेद देऊ शकते. निवाडा मात्र पुढच्या साक्षीदाराचे तोंडच बंद करतो, आणि तो करुण व सुंदर असला म्हणजे अधिकच.

येथे प्रतिवाद संभवतो. नाइहार्ट यांच्या काव्यात्म शेवटाशिवाय हे पुस्तक दूरवर पोहोचले असते काय? व्हाइन डेलोरिया यांच्यासारख्या सू विचारवंतानेच १९७९ मध्ये नव्या आदिवासी पिढीसाठी त्याचे मोल धर्मग्रंथासारखे असल्याचे म्हटले. उलट, लीळाचरित्राच्या निष्ठावंत जतनाला गुप्ततेची किंमत मोजावी लागली; सकळ लिपीच्या आड ते शतकानुशतके पंथाबाहेरच्यांना अगम्य राहिले. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली, तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आले. साक्ष जपणाऱ्यांचा तिच्यावरील हक्क आणि ती सर्वांना खुली करणाऱ्या विद्वत्तेचा हक्क यांतील हा ताण सहज सुटणारा नाही. पण प्रतिवादाने एवढेच सिद्ध होते की पोहोच आणि प्रामाण्य ही दोन मूल्ये आहेत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. डेलोरियांच्या पिढीने त्या पुस्तकातून जगण्याचा आधार घेतला तो त्याच्या अंतिम निवाड्याला न जुमानता, हेही विसरता येत नाही.

हा प्रश्न बुलढाण्यात इतिहासजमा झालेला नाही. जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद परिसरात निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी ही भाषा कोरकू, मराठी आणि हिंदी यांच्या सान्निध्यात जगते. तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग उसना आहे. कुइपर यांच्या १९६२ मधील अभ्यासापासून संशोधक तिची नोंद करीत आले आहेत. एखादा निहाल वृद्ध आपले देव, आपले पूर्वज सांगताना मध्येच कोरकू शब्द वापरील, तेव्हा नोंदकर्त्यापुढे दोन वाटा असतील : तो शब्द ऱ्हासाची खूण म्हणून टिपावयाचा, की बोलणाऱ्याचे आजचे बोलणे म्हणून? पहिल्या वाटेने सुंदर विलापिका लिहिता येईल. दुसऱ्या वाटेने पान अपुरे दिसेल, आणि त्या अपुरेपणातच दुसऱ्या निहालाला ‘असे नव्हे, असे होते’ म्हणण्यास जागा राहील. हरपलेल्याची नोंद करणाऱ्याचे पहिले कर्तव्य ही जागा मोकळी ठेवणे हे आहे. शोक करावयाचा की नाही, हे ज्यांचे गेले त्यांनी ठरवावे.