ती तंगडी कुणाची होती?

कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड' ही 2006ची कादंबरी मी पाटोद्यात एप्रिलच्या उन्हात वाचली, टँकरची वाट बघत. राखेनं झाकलेला मुलूख, बाप आणि पोरगा चालताहेत, आणि वाटेत भेटेल तो माणूस आपल्याला खाईल ही धास्ती. वाचताना मला महाभारतातलं शांतिपर्व आठवत राहिलं.

आपद्धर्म समजावताना भीष्म तिथे युधिष्ठिराला बारा वर्षांच्या अवर्षणाची कथा सांगतात. भुकेनं कासावीस विश्वामित्र चांडाळवस्तीत शिरतो आणि रात्री एका घरातून कुत्र्याची तंगडी चोरायला जातो. घरधनी जागा असतो. गंमत अशी, की तो मांसासाठी भांडत नाही. ऋषीचा धर्म बुडू नये म्हणून वाद घालतो. विश्वामित्र ऐकत नाही. आधी जगायचं, मग धर्म पाळायचा, हे त्याचं म्हणणं. तो मांस शिजवतो, देवांचे आणि पितरांचे भाग काढतो, आणि इंद्र पाऊस पाडतो. ऋषीचं चुकलं की बरोबर, यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला.

ही कथा मी आजीला सांगितली. 1972च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. (1973च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती, रोजगार हमीचा कायदा झाला 1977ला.) मिलो ज्वारी आणि मदतीच्या सुकडीवर दिवस काढलेली बाई ती, कुत्र्याच्या मांसाचं तिला काहीच वाटलं नाही. एवढंच विचारलं, "आन ज्याची तंगडी नेली, त्येच्या घरी काय शिजलं मंग?"

कथेत याचं उत्तर नाही. तिला मात्र हेच सुचलं. खडी सगळ्यांनी शेजारी बसून फोडली, पण पाण्याची घागर वेगळीच राहिली, आणि कुणाच्या ओंजळीत वरून ओतायचं हेही ठरलेलं राहिलं, हे ती आजही सांगते. संकट माणसांना जवळ आणतं, असं भाषणांत ऐकते तेव्हा मला ती घागर दिसते. दुष्काळात नवी नाती क्वचितच जुळतात, आधीची होती तशी उघडी पडतात.

'द रोड'मधल्या बापलेकांना जमिनीखाली अन्नाचा मोठा साठा सापडतो. खाण्याआधी पोरगा तो साठवून ठेवणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार मानतो. त्या जगात विधी सांगणारं कुणी उरलेलं नाही. तरी त्याला मालक आठवतात. विश्वामित्राला सगळे विधी पाठ होते. त्यानं चोरी केली, ती मी सोडून देते. वाटे काढताना घरधन्याला वगळलं, ते नाही.