काट्याला न दिसणारी चरबी

पालघर जिल्हा आणि लठ्ठपणा हे शब्द एका वाक्यात आले, तर वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतील. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हापासून हा मुलूख कुपोषणासाठीच ओळखला जातो. २०१४ मध्ये जिल्हा वेगळा झाला, तरी ती ओळख तशीच राहिली.

पण याच जिल्ह्यात तारापूर एमआयडीसीला लागून कुंभवली आहे. डोंगरातल्या पाड्यांवरून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कामगार कुटुंबे या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहतात. शिफ्ट बदलली की जेवणाची वेळ बदलते. नाचणीची भाकरी आणि रानभाजी गावी राहते. हाताशी असतो तो वडापाव, साखरेचा चहा आणि मुलाच्या हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट. कुपोषणाचा नकाशा इथपर्यंत येत नाही आणि लठ्ठपणा हा शहरी श्रीमंतांचा आजार मानल्यामुळे त्याचा नकाशाही इथे पोहोचत नाही.

जगाकडे पाहिले तर आपण बारीकच दिसतो. टोंगा, नाउरू यांसारख्या पॅसिफिक बेटांवर निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत, अमेरिकेत दहातले चार. भारतात मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या बॉडी मास इंडेक्सनुसार, सुमारे २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. त्याच पाहणीने कमर आणि नितंबांचे माप घेतले, तेव्हा धोकादायक गुणोत्तर असलेल्या स्त्रिया निघाल्या ५७ टक्के. पुरुषांत २३ आणि ४८ टक्के, असेच अंतर. काटा एक सांगतो, टेप दुसरेच.

या कोड्याची उकल पुण्यात झाली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. ते आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

म्हणजे आईच्या पोटातली उपासमार आणि मध्यमवयातला मधुमेह यांची एकाच आयुष्यात गाठ पडू शकते. अर्धपोटी आईच्या गर्भात तयार झालेल्या शरीराला पुढे साखर, मैदा आणि तेल मुबलक मिळाले, की ते चरबी पोटाभोवती साठवते आणि मधुमेह जवळ येतो. पूर्वी टंचाईतून मुबलकतेकडे जाणाऱ्या या बदलाला काही पिढ्या लागत. मोखाड्याच्या डोंगराळ भागातून तारापूरच्या पट्ट्यात आलेल्या कुटुंबात तो एका पिढीत उरकतो.

२०१९-२१ च्या त्याच पाहणीतले महाराष्ट्राचे आकडेही हेच सांगतात. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुजी होती, आणि जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण पाच वर्षांत १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले होते. एक संकट सरल्यावर दुसरे येईल, असा क्रम इथे नाही. दोन्ही एकाच वेळी नांदत आहेत. अशा वेळी नुसते किलो वाढवणे हा उपाय होऊ शकत नाही. खुज्या मुलाला गोड पाकिटे देऊन वजनाचा आलेख वर नेता येतो, उंची वाढत नाही. त्याला अंडी, डाळ, दूध, मासळी हवी. आणि त्याआधी त्याच्या होणाऱ्या आईला, ती शाळेत असतानाच.

मोठ्यांसाठी तर फार खर्चही नाही. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांची वैद्यकीय तपासणी कायद्याने करावीच लागते. तिथे वजनाबरोबर कमर मोजावी: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीय मर्यादा. तिच्यापुढे गेलेल्याची साखर तपासावी.

‘खाऊन माजले’ म्हणणे सोपे आहे. पण आज पाड्यावरच्या मुलीच्या ताटातून वाचवलेला पैसा तीस वर्षांनी औषधांवर खर्च होतो, आणि तो भरावा लागतो त्याच घराला.