विस्मृती आणि सत्य

सत्य बोलावे, हा धडा आपल्या घरांतून मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळतो. परंतु ज्याची स्मृती लोपली आहे, ज्याला सकाळचे दुपारी आठवत नाही आणि समोर उभा असलेला पुत्रही ओळखू येत नाही, अशा वृद्धाशी बोलताना सत्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहीपर्यंत माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. मजसारख्या शालान्त परीक्षेपर्यंतच शिकलेल्या तरुणाने अशा विषयावर लेखणी उचलावी हे धाडसच होय. तरी ज्या घरांत हा प्रसंग आज आहे अथवा उद्या येणार आहे, त्यांस आमच्या चुकांचा काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझे आजोबा तरुणपणी खानदेशातून, अमळनेरजवळच्या एका खेड्यातून, सुरतेस आले आणि पौरोहित्यात त्यांचे आयुष्य गेले. पंचाहत्तरी उलटल्यावर प्रथम त्यांना यजमानांची नावे आठवेनाशी झाली. मग तिथीवार चुकू लागले. पुढे स्नान झाले की नाही हेही कळेनासे झाले. त्या सुमारास आजीला जाऊन सहा वर्षे झाली होती. एके दिवशी दिवेलागणीला त्यांनी आईस विचारले, “अगं, तुझी सासू कुठे दिसत नाही ती?” वडील तेथेच होते. असत्य बोलायचे नाही हा त्यांचा जन्माचा नेम. ते म्हणाले, “अण्णा, आई वारली. सहा वर्षे झाली.” आजोबांनी जो आक्रोश केला तो आजही माझ्या कानांत आहे. ती वार्ता त्यांच्यापुरती त्याच क्षणी घडलेली होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तोच आक्रोश. तिसऱ्या दिवशी वडील उत्तर देण्यापूर्वीच आई म्हणाली, “मामंजी, सासूबाई माहेरी गेल्या आहेत. येतील परवा.” आजोबा शांत झाले आणि जेवले. त्या रात्री मात्र घरात वाद झाला. वडील म्हणाले, “देवाच्या दारात राहून आपण रोज खोटे बोलायचे काय?” आई म्हणाली, “आणि रोज त्यांना विधुर करायचे काय?”

या वादात मी वडिलांच्या बाजूस होतो. आज तसा नाही. परंतु सर्वस्वी आईच्या बाजूसही नाही. ते का, हे सांगण्यापूर्वी या व्याधीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे.

“म्हातारपणी असे व्हायचेच” असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो; ते बरोबर नव्हे. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे. १९०६ साली जर्मनीत अलॉइस अल्झायमर या डॉक्टराने वैद्यांच्या एका सभेत अशा एका स्त्रीची हकीकत सांगून तिच्या मृत्यूनंतर मेंदूत आढळलेले बदल वर्णिले. पुढे त्या रोगास त्याचेच नाव पडले. स्मृतिभ्रंशाचे ते सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. आपल्या देशात साठीच्या पुढील लोकांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिला आहे. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आहे. हा पूर्वकर्माचा भोग नव्हे, भुताटकी नव्हे आणि वृद्धाचा हट्टही नव्हे. शिवाय विस्मरण दिसले की प्रथम डॉक्टरांकडे जावे. कारण थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यांवर उपाय आहेत. वृद्ध एकाएकी, दोन-चार दिवसांत, फार भ्रमिष्ट झाला तर लघवीतील जंतुसंसर्गासारखे कारणही असू शकते; तेथे विलंब करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ साली एक प्रयोग झाला. अल्झायमर झालेल्या रुग्णांना दुःखद चित्रपटांतील काही प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात काय पाहिले ते बहुतेक विसरले. पण मनात उठलेले दुःख मात्र तसेच राहिले. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरची ती संध्याकाळ आठवली. सत्य ज्ञानासाठी सांगावयाचे. परंतु आजोबांजवळ ज्ञान टिकत नव्हते, टिकत होते ते केवळ दुःख. सत्यातील सत्य निघून जात होते आणि त्याची इजा तेवढी मागे राहत होती.

महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनास कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. कौशिकाचे सत्यव्रत प्रसिद्ध होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे रानात लपली. दरोडेखोरांनी विचारताच कौशिकाने ती कोठे गेली ते सांगून टाकले. माणसे मारली गेली आणि त्या सत्यवादी पुरुषास नरक मिळाला. वडिलांच्या मताविरुद्ध ही कथा पुरेशी आहे, असे कोणी म्हणेल.

परंतु त्याच ग्रंथात द्रोणपर्वही आहे. अश्वत्थामा मेला, असे धर्मराजाने मोठ्याने सांगितले आणि तो हत्ती होता हे अस्पष्ट उच्चारले. जमिनीला न टेकता चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. हे शब्द कोणाच्या हितासाठी होते? ऐकणाऱ्याच्या नव्हेत, बोलणाऱ्याच्या पक्षाच्या हितासाठी होते. या दोन कथा एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक कसोटी हाती येते. वृद्धाशी काही बोलण्यापूर्वी स्वतःस विचारावे: या शब्दाचा लाभ कोणाला आहे, त्यांना की मला?

ही कसोटी लावली की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. “सासूबाई माहेरी गेल्या आहेत” हे वाक्य आजोबांसाठी होते. पण “डॉक्टरांना दाखवून येऊ” असे सांगून वृद्धाला कोठेतरी नेऊन सोडणे, “हा पेन्शनचा कागद आहे” म्हणून घराच्या दानपत्रावर अंगठा उठवून घेणे, “उद्या येतो” म्हणून महिनोन् महिने न जाणे, हे सारे बोलणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. “त्यांना कुठे कळते आहे?” या एका वाक्याने हे सर्व क्षम्य ठरविले जाते. कायदा मात्र ते क्षम्य मानीत नाही. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाच्या कायद्यान्वये, ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने वृद्धास टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणास आहे.

आणि न कळणाऱ्याचा मान राखावा, हे तर आपल्या सुरतेला कोणी शिकविण्याची गरज नाही. जेम्स फोर्ब्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अठराव्या शतकातील आपला प्रवासवृत्तान्त १८१३ साली प्रसिद्ध केला. त्यात सुरतेच्या वाण्यांनी चालविलेल्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन आहे. म्हातारी व निकामी झालेली घोडी, बैल, शेळ्या, माकडे, पाखरे तेथे पोसली जात. आणि एक वृद्ध कासव तेथे पंचाहत्तर वर्षे होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या कासवाने कोणास ओळख दिली असेल? कोणाचे आभार मानले असतील? ज्या नगरीने कासवाकडून ओळखीची अपेक्षा केली नाही, त्या नगरीत आपण जन्मदात्याकडून ती करावी आणि ती मिळाली नाही म्हणून त्याच्याशी वाटेल तसे बोलावे, हे आपल्याला शोभणारे नव्हे.

तर मग मी आईच्या बाजूसही पूर्णपणे का नाही? कारण आईनेच पुढे मला तिसरी वाट दाखविली. “परवा येतील” हे उत्तरही फार दिवस चालेना. आजोबा दारात वाट पाहत बसू लागले. तेव्हा आईने उत्तर देणेच सोडले आणि ती त्यांच्याजवळ बसून म्हणू लागली, “सासूबाईंची आठवण आली ना? त्यांच्या हातची शेवभाजी किती छान असायची!” आजोबांचा चेहरा उजळे आणि ते आजीच्या गोष्टी सांगू लागत. यात असत्याचा एक शब्दही नव्हता. त्यांचा प्रश्न ‘ती कोठे आहे’ असा दिसत असला, तरी त्याच्या पोटात ‘मला एकटे वाटते’ हे सांगणे होते. आम्ही वरच्या शब्दांना उत्तर देत होतो. आईने आतल्या सांगण्याला उत्तर दिले. तसेच संध्याकाळी आजोबा “घरी जायचे, अमळनेरची गाडी चुकेल” म्हणून उठत. मी “हेच आपले घर आहे” म्हणून वाद घाली आणि एकदा संतापून दाराला कडी लावली. त्या कृत्याची मला आजही लाज वाटते. आई त्यांचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालत जाई आणि तेथून परत फिरून म्हणे, “चला, आले घर.” ते घरच होते, तेही सत्यच होते. काही दिवसांनी वडीलही आजोबांपाशी बसून “अण्णा, मलाही तिच्यावाचून करमत नाही” असे म्हणू लागले. त्यांचा नेम मोडला नाही, आणि आक्रोशही थांबला.

येथवर लेख संपला असता. परंतु सत्याविषयी लिहायचे तर एक गोष्ट दडवून चालणार नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी सेवेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे ते म्हणतात. यात प्रेम आहे, पण ज्ञानही आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. घास भरविताना त्यास ताठ बसवावे लागते आणि नंतर अर्धा तास तरी तसेच ठेवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. स्नानाचे पाणी आधी आपल्या हातावर पाहावे लागते. शेवटचे दीड वर्ष हे सर्व आमच्या घरी रात्रंदिवस झाले. भेटीस येणारे म्हणत, “तुम्ही वडिलांची सेवा अगदी पुंडलिकासारखी केलीत.” वडील नम्रपणे हात जोडीत आणि म्हणत, “आम्ही आमचे कर्तव्य करतो.” मीही तेच म्हणे.

हे असत्य होते. “आम्ही” नव्हतो. रात्री दोन वाजता कूस बदलणारी, मळलेली वस्त्रे धुणारी, वर्षभरात एकदाही माहेरी न गेलेली एकटी माझी आई होती. ज्या घरात “सासूबाई माहेरी गेल्या आहेत” या चार शब्दांवरून धर्मचर्चा झाली, त्या घरात “आम्ही” या एका शब्दावर कोणी हरकत घेतली नाही. पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर उभे ठेवले ते स्वतःचे हात सेवेत गुंतले होते म्हणून. बायकोला सेवेस बसवून तो दारात देवाशी बोलत उभा राहिला नव्हता. आमच्या डोळ्यांत हे अंजन पडले ते आईस ज्वर येऊन ती चार दिवस निजली तेव्हा. त्यानंतर वडिलांनी व मी रात्री वाटून घेतल्या आणि दिवसा काही तास एक परिचारिका ठेवली. पगार देऊन मदत घेणे म्हणजे सेवा विकणे, असे प्रथम आम्हांस वाटे. तसे नाही. जाणती मदत घेणे हा रोग्याचा लाभ आहे. मदत घेऊन स्वतः पाठ फिरविणे हा मात्र दोष आहे. ज्यांना कोणाचाच आधार नाही त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या सरकारी दूरध्वनीवर विचारावे.

आजोबा गेल्या वर्षी निवर्तले. शेवटपर्यंत त्यांनी मला ओळखले नाही. पण मी हात धरला म्हणजे ते माझा हात सोडीत नसत. आता भेटीस येणारे पुंडलिकाचे नाव घेतात तेव्हा वडील म्हणतात, “सेवा तिने केली. आम्ही उशिरा शिकलो.”

सभासद बंधुभगिनींस एवढीच विनंती की, ज्या घरी असा वृद्ध आहे तेथे केवळ प्रकृती विचारून परतू नये. “तुम्ही दोन तास विसावा घ्या, तोवर मी बसतो,” असे त्या घरच्या माउलीस म्हणावे. आणि ते म्हटले की बसावे.